मग तो गेला कुठे?

मागच्या वर्षी सप्टेंबरात माझा बाण एका हरणाला लागला आणि ते हरण मला सापडलं नाही.

आईला फोनवर हे सांगताना ती रागावेल असं वाटलं होतं. ती माळकरी आहे, हिंगणघाटच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मी अमेरिकेत शिकार शिकलो, हे तिनं कसंबसं पचवलं होतं. पण ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहून तिनं एवढंच विचारलं, "मग तो गेला कुठे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चूक मात्र ठाऊक होती. बाण फुप्फुसात न लागता मागे, पोटात लागला होता. असं हरण फार लांब जात नाही, जवळच्या झाडोऱ्यात बसतं. त्याला आठ-दहा तास एकटं सोडायचं असतं. मी अर्ध्या तासात बॅटरी घेऊन निघालो. माझी चाहूल लागताच ते उठलं आणि गेलं. पहाटे पाऊस आला, माग धुऊन गेला. दोन दिवस हिंडलो, हाती काही लागलं नाही.

मी विस्कॉन्सिनच्या सॉक काउंटीत राहतो. याच काउंटीत आणि शेजारच्या कोलंबियात १९३४ साली केवळ धनुष्यबाणासाठी राखलेला हरणांचा हंगाम झाला होता. आता तो राज्यभर असतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो. इथलं हरण म्हणजे व्हाइटटेल. बिचकलं की शेपटी उभारून खालचा पांढरा भाग दाखवत पळतं. दीड वर्षाचा नर बेफिकीर असतो. चार-पाच वर्षांचा नर मात्र एखाद्या बेरकी म्हाताऱ्यासारखा वागतो.

मी ज्यांच्या जमिनीवर बसतो त्या शेतमालकांचा सल्ला एकाच वाक्याचा आहे : जाऊ नकोस. त्याचा अर्थ कळायला मला हे वर्ष लागलं.

ऑगस्टभर मी रानात पाय ठेवला नाही. संध्याकाळी रस्त्यावर गाडी लावून दुर्बिणीतून सोयाबीन बघायचो. तेव्हा नर घोळक्यानं असतात, शिंगांवर अजून मखमल असते, उजेड असतानाच चरायला येतात. त्यांत एक जाड मानेचा, पोट सुटलेला, उजवा कान फाटलेला होता. सप्टेंबर लागताच मखमल झडते, घोळके फुटतात आणि सोयाबीन पिवळं पडतं. पिवळ्या पाल्याला हरीण तोंड लावत नाही. ही गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही. आमच्या शेतातही सोयाबीनच असायचं. रोही आणि डुकरं हाकलायला बाबा माळ्यावर जागल करायचे, आणि पाला उतरला की पाल्यावरची जनावरं आपोआप कमी व्हायची. बाबांचा माळा जनावरं येऊ नयेत म्हणून होता. माझा माळा, झाडाला बांधलेला, पट्ट्यानं स्वतःला जखडून बसायचा, ती यावीत म्हणून.

सोयाबीन सुटलं की ती पांढऱ्या ओकच्या फळांकडे वळतात. म्हातारा नर उघड्या शेतात अंधार पडल्यावरच उतरतो. उजेड सरेपर्यंत तो रानातच रेंगाळतो. म्हणून मचाण शेताच्या बांधावर नको, आत हवं, त्याची बसायची जागा आणि शेत यांच्या मधल्या ओकजवळ. सकाळी जायचं नाही, कारण पहाटे परतणाऱ्या नराशी वाटेतच गाठ पडते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट वारा. तो वायव्येच्या टेकडीवर बसायचा, मी खाली आग्नेयेला. वायव्येचा वारा असेल तरच माझा वास त्याच्यापासून दूर जाणार. शिवाय ऊन कलल्यावर थंड हवा उताराला लागते, तीही वास खाली ओढ्याकडे नेते. एकदा त्याला माणसाचा वास आला की तो दिवसा हिंडणंच सोडून देतो. पहिली बैठक हीच खरी संधी.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी वारा दक्षिणेचा होता. मी घरी बसलो. रविवारीही तोच. सोमवारी पाऊस. मंगळवारी गारठा आला, वारा वायव्येला फिरला. तीन वाजता ओढ्याच्या पात्रातून चालत जाऊन मी मचाणावर चढलो.

साडेसहाला दोन माद्या आणि एक पाडस गेलं. मग मागे पाला वाजला. आवाजावर बाण सोडणाऱ्या दशरथाची गोष्ट लहानपणी ऐकलेली. श्रावणबाळासाठी रडायचो, दशरथाचा विचार कधी केला नव्हता. गेल्या वर्षभरात केला.

फाटका कान दिसला. तो वीस पावलांवर, माझ्याकडे तोंड करून ओकची फळं खात होता. समोरून बाण मारायचा नाही. छातीचं हाड आणि खांदे आड येतात. उजेड उतरत चालला होता. तो तसाच निघून गेला तर जाऊ द्यायचा, हे मी घरूनच ठरवून आलो होतो. बऱ्याच वेळानं तो वळला, तिरका झाला, जवळचा पुढचा पाय पुढे टाकला. दोरी ओढली तेव्हा हात थरथरत नव्हते. सोडल्यावर थरथरू लागले.

खाली पडलेल्या बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं. म्हणजे फुप्फुस. तरीही मी झाडाला टेकून घड्याळाकडे बघत चाळीस मिनिटं बसलो. ती चाळीस मिनिटं मागच्या वर्षीची होती.

साठ पावलांवर तो पडलेला होता. दात झिजलेले, अंग अजून गरम. त्याच्या मानेवर हात ठेवला आणि आनंद झाला असं म्हणवेना. दुःख झालं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नव्हतं. एक हिशेब चुकता झाला, आणि एक कधीच होणार नाही, इतकंच वाटलं.

शेतमालक ट्रॅक्टर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं तपासणीला दिलं. २००२ सालापासून या भागातल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवायचं.

त्या रात्री नऊला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"सापडला," मी म्हणालो.

"लांब गेला होता?"

"नाही. साठ पावलं."

"बरं झालं," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "इकडे सोयाबीनला रोही लागलेत बघ. तुझे बाबा असते, तर माळ्यावर असते."