बातमी आणि बाळ

जुलै २०१८ मधील तो पाऊस वसईकर विसरणार नाहीत. रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, घरोघरी पाणी शिरले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण वार्ताहर त्या दिवशी पहाटेपासून कमरेएवढ्या पाण्यातून हिंडत होता. रात्री त्याने आपल्या दैनिकाला बातमी धाडली. तीत शेकडो कुटुंबांची व्यथा होती. त्यांपैकी एक कुटुंब त्याचे स्वतःचेच होते, हे मात्र वाचकांना कळले नाही. एकोणीस दिवसांच्या लेकीला कुशीत घेऊन त्याची पत्नी पोटमाळ्यावर बसून होती.

पुढील महिन्यात बाप्तिस्म्याच्या पूर्वतयारीच्या वर्गाला तो अर्धा तास उशिरा आला. "गावच्या बातम्यांना वेळ आहे, लेकीच्या संस्काराला नाही का रे?" मी सर्वांसमक्ष बोललो. तो मान खाली घालून बसला. वर्ग संपल्यावर त्याच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "फादर, पोर रात्रभर रडत होती. पहाटेपर्यंत तोच तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता."

मी ओशाळलो. दिवसभर शेकडो मुखांतून 'फादर' ही हाक ऐकणारा मी. तान्ह्या बाळासाठी एक रात्रही जागलो नव्हतो.

पुढे त्याच्याशी निवांत बोलणे झाले. २०१७ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने नोकरदार मातेची प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्यालाही १५ दिवस मिळतात. परंतु बातमीगणिक मानधन घेणाऱ्याला रजा कोण देणार? बातमी नाही, तर पैसा नाही. "आणि फादर," तो संकोचून म्हणाला, "सणाच्या बातमीसाठी ऐन सायंकाळी तुमचाही फोन येतोच की!" तो बोल मला लागला. त्याच्या घरची वेळ हिरावून घेणाऱ्यांत मीही होतो.

अखेर काही महिने रात्रीच्या बातम्या सोडण्याचे त्याने ठरविले. मिळकत घटली, पत्नीने ते निमूट स्वीकारले.

संत योसेफच्या मुखी शुभवर्तमानांत एकही शब्द नाही. आज्ञा होताच तो रात्रीच उठला आणि बाळ व माता यांना घेऊन मिसर देशाला निघाला. मागे राहिलेल्या कामाचा हिशेब मत्तय देत नाही. मुलाला जन्म दिल्याने नव्हे, तर त्याचा भार उचलल्याने माणूस पिता होतो, अशा आशयाचे विवेचन पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० च्या पत्रात संत योसेफविषयी केले. ते वाचताना मला हाच तरुण आठवला.

त्या वर्षी आमच्या सणाची बातमी मीच लिहिली आणि दुपारीच पोहोचती केली. बाप्तिस्म्याच्या रविवारी तो सर्वांआधी मंदिरात आला. सॅक्रिस्तीत येऊन त्याने मोबाइल बंद केला, माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "फादर, हा कपाटात ठेवा. आज मी कामावर नाही."