बाबांनी घेतलेला निर्णय

इंदूरच्या आमच्या वाड्यात हा विषय कुजबुजतच निघायचा. तिसऱ्या बाळंतपणात आई मरता मरता वाचली, तेव्हा आजीनंच बजावलं, “आता पुरे!” नर्सबाईंनी घरी येऊन समजावलं: तांबी गर्भाशयातच राहते, पोटात फिरत नाही, तांब्यानं शुक्रजंतू निकामी होतात. गोळीनं स्त्रीबीज बाहेर पडत नाही, मात्र ती रोज न चुकता घ्यायची. निरोध वाटच अडवतो. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्रवाहिन्या बंद करतात, ताकद जात नाही. पण पुढचे ३ महिने निरोध वापरायचाच. बाबा म्हणाले, “हिनं खूप सोसलं, मी जातो.” वाड्यातले लोक हसले. आई आज ८१ वर्षांची आहे. तुमच्याकडे कोण गेलं होतं?