वफ्र्यातली जोडहोडी

“वफ्र्याला होडी बांधताय? अहो, तिथे टोमॅटो होतात!” आपल्या वर्गातल्या निदान दहा पालकांनी मला हे ऐकवले आहे. त्यांचे खरेच आहे. वफ्रा म्हणजे कुवेतच्या दक्षिण टोकाचा, सौदीच्या सीमेजवळचा भाग. १९५३ साली इथे तेल लागले. एरवी इथे हरितगृहांतली काकडी, टोमॅटो, उंटांचे गोठे आणि वाळू. समुद्र बघायचा तर पूर्वेकडे गाडी काढावी लागते. पण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि चौदा फुटी होडी लिफ्टमधून उतरत नाही. ऑफिसातल्या एका कुवेती मित्राच्या शेतावर पत्र्याची एक शेड रिकामी पडली होती. “खुशाल वापर,” तो म्हणाला. अशा रीतीने आमचे जहाजबांधणीचे बंदर वाळवंटात उघडले. गेले तीन हिवाळे, सुट्टीच्या दिवशी, मी, माझी मुलगी आणि धाकटा तिथे काम करतो आहोत. सौ. डबा देते आणि “हातमोजे घाला” असे बजावते.

हा उद्योग का सुरू केला, तेही सांगतो. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. दिवसभर केलेले काम संध्याकाळी कुणाला दाखवता येत नाही. धाकट्याला शाळेत विचारले होते, बाबा काय करतात? तो म्हणाला, “टाइप करतात.” मुलांना हात लावून पाहता येईल असे काहीतरी एकदा करावे, एवढीच इच्छा होती.

आता बालमित्रांनो, कटमरान म्हणजे काय ते पाहू. शब्द तमिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘मरम्’ म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम् म्हणजे बांधलेली लाकडे. गंमत अशी की तमिळ कोळ्यांचे कट्टुमरम् म्हणजे ओंडके एकमेकांना बांधून केलेला तराफा. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर आडवे वासे बांधण्याची पद्धत पॅसिफिक महासागरातल्या बेटांची. इंग्रजांनी नाव उचलले आपल्याकडचे आणि चिकटवले त्यांच्या होडीला. आम्ही घरात तिला सरळ ‘जोडहोडी’ म्हणतो.

मराठीला ही कल्पना नवी नाही. माझे आजोळ मालवणचे. तिथल्या होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या काठ्यांच्या टोकाशी, एक लाकडी ओंडका बांधलेला असतो. तिचे नाव उलांडी. लाट आली की उलांडी होडीला कलू देत नाही. एका बाजूला होडी आणि दुसऱ्या बाजूला ओंडका, म्हणजे अर्धी जोडहोडीच झाली.

होडी उलटत का नाही, याचे गणित सातवीच्या मुलालाही जमेल. आमची होडी आणि आम्ही तिघे मिळून वजन धरा २८० किलो. दोन्ही नावांमधले अंतर दोन मीटर, म्हणजे मध्यापासून प्रत्येक नाव एक मीटरवर. वारा शिडाला ढकलतो, तेव्हा एका बाजूची नाव पाण्यातून उचलली जायला बघते. ती उचलायची तर २८० किलो वजन एक मीटरच्या दांड्यावर पेलावे लागेल. वाऱ्याचा जोर शिडावर दोन मीटर उंचीवर लागतो असे मानले, तर त्याला १४० किलो वजनाइतका रेटा द्यावा लागेल. छोट्या शिडाला इतका वारा लागण्याआधी शहाणा माणूस शीड उतरवतो. एकेरी शिडाच्या बोटी बहुधा तळाशी वजन किंवा पोटाला फुगवटा देऊन उभ्या राहतात, जोडहोडी केवळ रुंदीवर उभी राहते. मात्र ती एकदा उलटली की उलटीच राहायला बघते, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे. लाइफ जॅकेट म्हणूनच.

घरच्या घरी असली होडी बांधण्याची हिंमत जगाला दिली ती जेम्स व्हॅरम या इंग्रज माणसाने. १९५० च्या दशकात त्याने साडेतेवीस फुटी ‘तांगारोआ’ ही जोडहोडी स्वतः बांधली आणि दोन मैत्रिणींसह तीतून अटलांटिक पार केला. पुढे आयुष्यभर त्याने सामान्य माणसांना प्लायवुडमध्ये बांधता येतील असे आराखडे विकले. त्याच्याच एका एकवीस फुटी आराखड्याची होडी रोरी मॅकडूगल याने बांधली आणि १९९१ ते १९९७ या काळात तीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. होडीचे नाव ‘कुकिंग फॅट’, म्हणजे चक्क स्वयंपाकाची चरबी. ते ऐकून धाकटा अर्धा तास हसत होता. व्हॅरम २०२१ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारला.

आमची पद्धत सांगतो. सहा मिलिमीटर जाडीचे मरीन प्लाय घ्यायचे. भारतात सुताराकडे ‘७१० प्लाय’ मागतात ते याच जातीचे. पत्रा आठ फुटांचा आणि होडी चौदा फुटांची, म्हणून दोन पत्रे जोडावे लागतात. दोघांच्या कडा उतरत्या तासायच्या, जाडीच्या आठपट लांब. म्हणजे सहा मिलिमीटरला अठ्ठेचाळीस मिलिमीटरचा उतार. मग एकावर एक ठेवून चिकटवायचे. नीट जमला तर हा सांधा अखंड प्लायइतकाच वाकतो. पत्रे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडेला भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने चक्क शिवायचे, गोधडी शिवावी तसे. पत्रे शिवले की सपाट लाकूड आपोआप नावेचा आकार घेते. तो क्षण पाहण्यासारखा असतो. नंतर आतून सांध्यात इपॉक्सीचा लगदा भरायचा, वर काचकापडाची पट्टी बसवायची, आणि सांधा वाळला की तारा काढून टाकायच्या.

ही शिवणकामाची युक्ती लोकप्रिय झाली ती १९६० च्या दशकात, ब्रिटनमधल्या ‘मिरर’ नावाच्या छोट्या होडीमुळे. पण लाकूड शिवणे आपल्या समुद्रावर फार जुने आहे. खिळा न मारता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून या सागरात शतकानुशतके जहाजे चालली. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, केरळच्या कारागिरांच्या हातून एक शिवलेले जहाज बांधले गेले. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलाने ते ‘कौण्डिन्य’ नावाने दाखल करून घेतले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतला निघाले. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही दांडेकरांनीच बांधली होती.

आणि कुवेत? कुवेतच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, सुबिया इथे उत्खननात डांबराचे तुकडे मिळाले. एका बाजूला बोरूच्या मोळ्यांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रातले शिंपले चिकटलेले. म्हणजे बोरूची होडी आणि वरून डांबराचा लेप. वय सुमारे सात हजार वर्षे. तंतूंवर चिकट लेप चढवायचा आणि पाणी बाहेर ठेवायचे, आम्ही काचकापड आणि इपॉक्सीने तेच करतो. पुढे इथे मोठी ‘बूम’ जहाजे बांधली गेली, त्यांचे सागवान मलबारहून येई. ती जहाजे खजूर घेऊन मुंबईला जात. रुपया तर कुवेतमध्ये १९६१ पर्यंत चालत होता. मुलांनो, इथे जहाजाच्या कप्तानाला ‘नोखदा’ म्हणतात हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. आपल्या कोळीगीतांत येतो तो ‘नाखवा’ त्याचाच भाऊ, दोघे फारसी ‘नाखुदा’चे. इथल्या अरबीत सुकाणूला ‘सुक्कान’ म्हणतात, आणि आपला शब्द तिथूनच आला. शेतावरच्या मित्राला मी ‘सुकाणू’ म्हणालो, तर त्याला भाषांतर लागले नाही.

कुवेतमध्ये या कामाचा मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. इपॉक्सीचे दोन भाग मिसळले की रासायनिक क्रियेतून उष्णता निघते. हवा दहा अंशांनी तापली की मिश्रण घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. हिवाळ्यात चाळीस मिनिटे मिळत असतील, तर चाळीस अंशांना दहाही मिळणार नाहीत. आणि हा देश असा की २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह इथे पारा ५३.९ अंशांवर गेला होता. म्हणून आमचे काम नोव्हेंबर ते मार्च. मुलगी मिश्रण मोजते, धाकटा घड्याळ धरतो, मी ब्रश चालवतो. मागच्या मार्चमध्ये शेवटचा हात ओला असतानाच वाळूचे वादळ उठले आणि सगळी नाव बदामी होऊन बसली. वाळेपर्यंत थांबून, घासून काढायला दोन आठवडे गेले. तरी थोडी वाळू आत राहिलीच. धाकटा म्हणाला, “बाबा, आता ही खरी वफ्र्याची झाली.”

व्हॅरमच्या होड्यांची एक गोष्ट मला सर्वांत आवडते. दोन नावा आणि मधले वासे बोल्टने आवळत नाहीत, दोरीने बांधतात. पहिल्या दिवशी माझ्यातला इंजिनियर हटून बसला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे आमचे. स्टीलचा बोल्ट सोडून दोरी? पण कारण पक्के आहे. लाट दोन्ही नावांना वेगवेगळे हलवते. बोल्ट हलू देत नाही, म्हणून सगळा ताण त्याच्या भोकाशी गोळा होतो आणि लाकूड तिथे चिरते. दोरी किंचित दबते, ताण वाटून घेते. शिवाय दोरी सोडली की होडीचे चार भाग होतात, आणि मोठ्या गाडीच्या टपावर जातात. खिरानला मित्राच्या शॅलेसमोर, उथळ पाण्यात, आम्ही ती जानेवारीत पहिल्यांदा बांधली. पाऊण तास लागला. ती तरंगली. गळती शून्य. मुलीने सुकाणू धरले आणि किनाऱ्याला समांतर एक फेरी मारून आणली.

परतताना गाडीत ती म्हणाली, “बाबा, ही आपण नेणार कशी?”

वर्गातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, माझे इथले कंत्राट येत्या जूनमध्ये संपते. मुलगी बारावीनंतर पुण्याला शिकायला जाईल, आम्हीही परत जातो आहोत. इथे आपण सगळे वर्षाच्या हिशेबाने राहतो. सोफा घेताना विकताना काय येईल हे आधी पाहतो. मुलांची चित्रे, पुस्तके, सायकली, प्रत्येक वेळी प्रश्न तोच: तीस किलोत बसेल का? होडी बसत नाही. मी कंटेनरचा भाव विचारला. पुण्यात समुद्र नाही हेही मला माहीत आहे. तरी दोन रात्री मी आकडे मांडत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मुलगीच म्हणाली, “आपण ती नेली तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पडून राहील. इथे ठेवली तर कोणीतरी चालवेल.” मी म्हटले, “अगं, पण तीन वर्षे तू घासलीस ती.” त्यावर तिने उत्तर दिले, “घासायला मला आता येतं ना. मी दुसरी बांधेन.”

मी पुढे काही बोललो नाही. बोलण्यासारखे राहिले नव्हते. आपण मुलांना इथे आणले, तेव्हा त्यांच्या हातून काय सुटेल याचीच काळजी केली: आजीआजोबा, गणपती, पाऊस, भाषा. सोडून जातानाही काही हातात राहते, हे मला माझ्या मुलीने सांगितले.

तेव्हा मंडळी, या लेखाचे खरे कारण आता. होडी द्यायची आहे. पैसे नकोत. अटी तीनच. घेणाऱ्या घरात निदान एक मूल आणि एक मोठे माणूस, दोघांनाही पोहता यायला हवे. पाण्यात नेण्यापूर्वी तटरक्षकांकडची कागदपत्रे आणि लाइफ जॅकेट यांची पूर्ण व्यवस्था करायची. आणि तुमची कुवेतची पाळी संपली की होडी वर्गातल्याच पुढच्या घराला द्यायची, विकायची नाही. नाव आम्ही मुद्दाम घातलेले नाही. ते नव्या मुलांनी ठेवावे, पण मराठी असावे.

दोरी बांधणे हे वाचून येत नाही, हाताने करावे लागते. पुढचे चार शनिवार आम्ही सकाळी आठ वाजता वफ्र्याच्या शेडमध्ये असू, आणि आमची कन्या स्वतः शिकवील. रस्त्याचा नकाशा वर्गाच्या फळ्यावर लावला आहे. जुने कपडे घाला, टोपी आणा, पाणी आणा. पोहे आमच्याकडे. परत जाताना शेतावरचे टोमॅटो मिळतील.