चव्वेचाळीस टनांची शाळा

विलायतेहून परतलेला मराठी माणूस लिहायला बसला की टेम्सवरचा पूल, शेक्सपिअरचे घर आणि वर्डस्वर्थचे तळे यांपैकी निदान एकाची तरी वाचकांवर सक्ती करतो. मराठीच्या मास्तराकडून तर ती अपेक्षाच असते. पण वाचकहो, गेल्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे ज्या मुलखात काढले तिथे पर्यटक सहसा उतरत नाही. लेस्टर परगण्याच्या दक्षिण टोकाला लटरवर्थ नावाचे गाव आहे. तिथे माझी थोरली बहीण राहते.

गावाला सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. चौदाव्या शतकात जॉन विक्लिफ इथल्या सेंट मेरी देवळाचा धर्मगुरू होता. लॅटिनच्या कुलपातले बायबल इंग्रजीत यावे हा त्याचा ध्यास. तो १३८४ साली वारला. आमची ज्ञानेश्वरी त्याच्या चांगली चौऱ्याण्णव वर्षे आधी, १२९० साली, सांगून झाली होती, हे मी ताईच्या शेजाऱ्यांना ऐकवून घेतले. विक्लिफवर धर्मसत्तेचा राग असा की १४२८ साली त्याची हाडे उकरून जाळली आणि राख स्विफ्ट नदीत सोडली. नदी कसली, वाईच्या आसपास आपण जिला ओढा म्हणू तेवढीच. दुसरी गोष्ट फ्रँक व्हिटलची. त्याच्या जेट एंजिनाचे प्रयोग १९३८ पासून याच गावात चालले होते.

तिसरी गोष्ट गावकरी आपण होऊन सांगत नाहीत. गावाबाहेर, रोमन लोकांनी आखलेल्या जुन्या रस्त्याला लागून, बिट्सवेलच्या बंद पडलेल्या विमानतळावर मॅग्ना पार्क उभे आहे. नाव बागेचे, पण फूल औषधालाही नाही. नजर पोहोचेल तिथवर राखाडी पत्र्याची गोदामे. दूध, पाव, टोमॅटो, कुत्र्याचे खाणे, बायकांचे बूट, सगळे इथे येते आणि रातोरात देशभर निघून जाते. तीन मोठे हमरस्ते इथून जवळ आहेत आणि इंग्लंडची बहुतेक वस्ती चार-साडेचार तासांच्या टप्प्यात येते. साडेचार या आकड्याला इथे मोठा अर्थ आहे, तो पुढे येईलच.

या गोदामांपैकी एक, एका मोठ्या किराणा-साखळीचे, माझ्या भाच्याचे विद्यालय आहे. तो तिथे लॉरी चालवण्याची उमेदवारी करतो आहे.

हे वाक्य मी इथे सरळ लिहिले, पण ताईच्या घरात ते उच्चारायची सोय नव्हती. आमचे वडील, अण्णा, वाई डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर. पसरणीचा घाट त्यांनी तीस वर्षे चढवला आणि उतरवला. पोरांनी शिकावे म्हणून डबल ड्यूट्या केल्या. मी मास्तर झालो, ताईला इंजिनीअर नवरा मिळाला, मंडळी परदेशी स्थायिक झाली. आणि नातवाने कॉलेजचे एक वर्ष करून ते सोडले, दोन वर्षे त्या गोदामात खोकी उचलली आणि मग अर्ज केला तो थेट स्टेअरिंगसाठी. "अण्णांनी चाक धरलं ते पोरांनी धरू नये म्हणून," ताई म्हणाली, "आणि हा साता समुद्रापलीकडे येऊन तेच धरतोय." वाईला कळवले होते ते एवढेच की नातू 'लॉजिस्टिक्स'मध्ये आहे. अण्णांना तो शब्द कळत नसे, म्हणून तो फार सोयीचा होता. दाजी काहीच बोलत नसत. ते मला अधिक अवघड वाटे.

भाच्याला ही जागा मिळाली तिची मुळे २०२१ च्या टंचाईत आहेत. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ड्रायव्हरच उरले नाहीत. करोनाने परवान्याच्या परीक्षा थांबवल्या होत्या, युरोपातले कितीतरी ड्रायव्हर मायदेशी गेले होते, जुने लोक निवृत्त होत होते. सप्टेंबरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ऑक्टोबरात लष्कराच्या जवानांनी टँकर चालवले. दुकानांची फडताळे रिकामी दिसू लागली तेव्हा त्या देशाला समजले की पाव दुकानात आपोआप येत नाही. मालकांनी पगार वाढवले. नेमक्या त्याच दिवसांत इकडे आमचे एस.टी.चे कर्मचारी संपावर गेले होते, आणि तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. अण्णा दिवसभर टी.व्ही.समोर बसून असत.

शिकण्याचा खर्च उमेदवाराला पडत नाही. ज्या मालकाचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर, त्याच्यावर तिथल्या सरकारने एप्रिल २०१७ पासून त्या खर्चाच्या अर्ध्या टक्क्याचा आकार बसवला. तो पैसा उमेदवारांच्या शिक्षणावर खर्चायचा. म्हणून भाचा शिकतोही आणि पगारही घेतो. 'उमेदवार' म्हटले की आपल्याला हल्ली हात जोडलेला निवडणुकीतला माणूस दिसतो. पण या शब्दात मूळ फारसी 'उमेद' आहे, आणि कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या शिकाऊ पोराला तो जास्त शोभतो. आपल्याकडे ट्रकचा धंदा शिकायचा तो क्लीनर होऊन. टायर बदलायचे, काचा पुसायच्या, उस्तादाची बोलणी खायची आणि एखाद्या रिकाम्या रात्री त्याची मेहरबानी झाली तर चाक हातात घ्यायचे. भाच्याच्या उस्तादाला मात्र बोलणी देण्याची मनाई असावी, इतका तो सौम्य होता.

आधी डॉक्टरी तपासणी, मग लेखी परीक्षा: शंभर प्रश्न, पंच्याऐंशी बरोबर यायला हवेत. मग पडद्यावर रस्ता दाखवून धोका केव्हा ओळखतो ते पाहायचे. तोवर भाचा जुन्या ड्रायव्हरांबरोबर पहाटे तीनला निघून दुकानांच्या मागल्या दारी जाळीचे चाकवाले पिंजरे उतरवीत होता. माल उतरवणे हेही ड्रायव्हरचेच काम. हात सोलतात, पाठ धरते. "मामा, चालवणं सोपं आहे," तो म्हणाला, "पावसात दुधाचा पिंजरा ढकलणं कठीण."

आणि आता साडेचार. गाडीत टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. त्यात ड्रायव्हरने आपले कार्ड घालायचे. साडेचार तास चाक फिरले की पाऊण तास विश्रांती घ्यायची. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून नव्वदच्या वर नाही. गाडीचा वेगही ताशी ९० किलोमीटरला बांधलेला. वीस-वीस तास जागून गाड्या हाकणारे आपले लोक आठवले आणि मला त्या यंत्राविषयी आदर वाटला. भाच्याला मात्र ते पाळतीवर बसवलेल्या सासूसारखे वाटते.

एका शनिवारी डेपोने उमेदवारांच्या घरच्यांना बोलावले होते. ताई येणार नव्हती. ऐन वेळी आली. दाजी गाडीत बसून राहिले. आवारात साडेसोळा मीटर लांबीची, मालासकट ४४ टनांपर्यंत भरता येणारी गाडी उभी होती. भाच्याने तिला प्रदक्षिणा घातली. दिवे, टायर, आरसे पाहिले. ट्रेलरच्या पोटाखालचा पोलादी खुंटा एंजिनाच्या पाठीवरच्या खाचेत बसला आहे की नाही ते खाली वाकून विजेरीने बघितले. लाल आणि पिवळ्या हवेच्या नळ्या जोडल्या. मग गाडी पुढे ओढून सांधा धरतो का ते अजमावले. त्यानंतर उलटे जाणे. ट्रेलरचे शेपूट उजवीकडे न्यायचे तर स्टेअरिंग डावीकडे. निम्म्यावर तो थांबला, खाली उतरला, मागे चालत गेला, पाहून परत चढला. कुणी हसले नाही. उस्ताद मला म्हणाला, "पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवतो. उतर आणि बघ."

गाडी ठरल्या चौकटीत आली. तेव्हा भाच्याने कुणाला न विचारता केबिनमधूनच वाईला फोन लावला, तोंड दिसणारा. इकडे चारच्या चहाची वेळ. ताई माझा हात घट्ट धरून उभी. "आजोबा, मी लॉरी शिकतोय," तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला आणि फोन स्टेअरिंगवर फिरवला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हवा भरती का पुरती? का तसाच सोडतोस?"

"पुरती भरल्याशिवाय ब्रेक सुटतच नाही."

"आणि नट?"

भाचा खाली उतरला आणि चाकावरचे पिवळे प्लास्टिकचे बाण त्यांना दाखवू लागला. शेजारशेजारच्या दोन नटांवर हे बाण एकमेकांकडे टोक करून बसवतात. नट सैल झाला की बाणाचे तोंड फिरते. "जवळ धर," अण्णा म्हणाले. "आम्ही हातोडी मारून आवाजावरनं ओळखायचो. हे बरंय की रं!" मग नातू आणि आजोबा वीस मिनिटे चाकांवरच बोलत राहिले. ताईशी बोलायचे अण्णा विसरून गेले. तिने डोळे पुसले, पण ते कशासाठी हे मी विचारले नाही. परतीच्या वाटेवर दाजींनी फक्त विचारले, "त्या ट्रेलरला आस किती?"

मी वाईला परतल्यावर अण्णांनी नातवाविषयी एकच चौकशी केली: पगार वेळेवर होतो का? होतो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला.

मागे जाण्याची आणि ट्रेलर जोडण्या-सोडण्याची परीक्षा भाचा पास झाला आहे. रस्त्यावरची राहिली आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर तीही होऊन गेलेली असेल. त्या दिवशी ताईने रजा टाकली आहे. अण्णांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेभोवती पेन्सिलीने चौकट आखून आत 'गाडी' असे लिहून ठेवले आहे.