कादंबरीचा आराखडा आणि खर्डा

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ अवघ्या पंधरा-सोळा दिवसांत लिहून झाली, ही हकीकत मराठी वाङ्मयीन वर्तुळात इतकी रुळली आहे की तिचा एक विपरीत परिणाम होऊन बसला आहे. कादंबरी लिहू पाहणारा एखादा तरुण त्या पंधरवड्याकडे बोट दाखवतो आणि पूर्वनियोजन हे प्रतिभाहीनांचे काम ठरवून मोकळा होतो. दुसरा एखादा नेमका उलट्या टोकाला असतो. वंशावळी, कालपट, पात्रांची टिपणे यांनी त्याच्या वह्या भरत जातात आणि पहिले प्रकरण काही लिहून होत नाही. (वह्या भरण्यातही सुख असते, ते लेखनाचेच सुख आहे असा भास होतो, हे अधिक वाईट.)

वस्तुतः १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला आराखडाच नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. घटनाक्रमात शोधणाऱ्याला तो सापडत नाही, एवढेच. पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर आपली कहाणी स्वतःच, स्वतःच्या बोलीत सांगणार, हा निर्णय एकदा झाला की पुष्कळ प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वीच सुटतात. सलग निवेदन जेथे कंटाळवाणे झाले असते तेथे रोजनिशी येऊ शकते. खरी कसोटी मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी लागते. त्या शोकासाठी निराळी, भारदस्त भाषा आणावी लागली असती तर तोवरचा सारा उपहास उसना ठरला असता. येथे तोच तुटक, बोलका निवेदक ते दुःख पेलतो. खर्डा झरझर उतरण्यामागे ही सिद्धता होती, असे मानायला जागा आहे.

२०१० साली आलेल्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीचा मामला निराळा. तेथे साहित्य अफाट आहे : गाव, जातीपाती, शेती, पुरातत्त्व, पूर्वजांच्या कथा. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या खंडेरावाला वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे मोरगावला परतावे लागते. त्या एका प्रवासाच्या खुंटीवर हा पसारा टांगला आहे. काही ठिकाणी पसारा खुंटीहून जड होतो, हे नाकारता येत नाही. अर्थात शीर्षकातल्या ‘अडगळ’ या शब्दाने लेखकाने ती सवलत आधीच घेऊन ठेवली आहे. वह्या भरणाऱ्या आपल्या तरुणाला ती इतक्या सहजी मिळेल, असे दिसत नाही.