भिंतीवरची तारीख

आजोळच्या घरात दाराच्या चौकटीशेजारी गेरूने लिहिलेलं होतं, ‘डी.डी.टी.’ आणि खाली तारीख. फवारणीनंतर भिंती सारवू नका, असं फवारणीवाले बजावून जायचे. आजी ते इतकं पाळायची की, पुढे फवारणी बंद झाली तरी तेवढा तुकडा सोडूनच ती भिंत पोतारायची.

त्यामागे कारण होतं. तिचा धाकटा भाऊ हिवतापाने गेला. १९५३ साली देशभर हिवतापविरोधी मोहीम सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत पंपवाली माणसं तिच्या माहेरीही पोचली. भाऊ गेल्यानंतर वर्षभराने.

दोन वर्षांपूर्वी मी उत्तराखंडात ट्रेकला गेले होते. देवदारांखालची माती काळीभोर, मऊ, चहापत्तीसारखी. मी मूठभर उचलून वास घेतला. ग्रुपमधलं कुणीतरी म्हणालं, “इथे अजून काहीच पोचलेलं नाहीये.” मलाही तसंच वाटलं.

घरी येऊन वाचायला लागले, तर हिमालयाच्या आणि तिबेटच्या पठाराच्या मातीत डीडीटी सापडलेलं. तेही शेतं आणि वस्त्यांपासून लांब.

डीडीटी उन्हाने अगदी थोडं थोडं हवेत उडतं, वाऱ्याबरोबर जातं, गारवा लागला की खाली बसतं. पुन्हा तापलं की पुन्हा उडतं. शास्त्रज्ञ याला नाकतोड्याच्या उड्या म्हणतात. डोंगरात मात्र हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, आणि पुढची उडी मारायची ताकद संपते. आपल्याकडून पाऊस घेऊन जाणारे मोसमी वारे हेही घेऊन जातात. देवदाराच्या मेणचट पानांना ते चिकटतं, पानं गळतात, कुजतात. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण कुजलेल्या पाचोळ्याला घट्ट धरून बसतं. थंडीत त्याचं विघटनही रेंगाळतं. म्हणजे ज्या काळेपणावर मी भाळले होते, तोच त्याला धरून ठेवतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी आणि डिझेल-लाकडाच्या धुरातली काही द्रव्यंही अशीच डोंगरात पोचतात.

हे बर्फातही साठतं. स्वित्झर्लंडच्या ओबरआर तलावाच्या गाळात अशा रसायनांचं प्रमाण बंदीनंतर कमी झालं होतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ते पुन्हा वाढलं, कारण वरची हिमनदी वितळतेय.

आपण माणिकगडाला जाताना जे रसायनी लागतं, तिथे डीडीटी बनायचं. भारतात शेतीसाठी त्यावर १९८९ साली बंदी आली. हिवताप आणि काळा आजार यांच्यासाठी वापर पुढेही चालू राहिला. २००१च्या स्टॉकहोम करारानेही रोगनियंत्रणापुरती सूट ठेवली.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

“मग तेव्हा मारायलाच नको होतं म्हणतेस?”

“नाही गं.”

“एक वर्ष आधी आले असते तर आमचा बाळू राहिला असता,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण त्या डोंगरात डास तरी असतात का गं?”

मी म्हटलं, एवढ्या उंचीवर तो हिवतापाचा डास नसतो.

“मग त्यांना कशाला बिचाऱ्यांना,” असं म्हणून ती उठली.

गेल्या वर्षी ते घर पाडलं. भिंतींची माती मामाने परसात पसरली. तिथे आता अळू आहे.