पळसाला पानं तीनच, पण फुलं?

‘विदर्भ एक्स्प्रेस’मधून गोंदियाला उतरा आणि सरळ नागझिऱ्याचा रस्ता धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही बाजूंचं रान नुसतं पेटलेलं असतं. पानं गळालेली आणि पळस फुललेला!

‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ हे जॉब बदलताना आपण हमखास ऐकतो. पण फुलांचं तसं नाही, बॉस! नीट बघा. एक झाड लालबुंद, शेजारचं फिकट शेंदरी आणि नशीब जोरावर असेल, तर एखादं चक्क हळदीसारखं पिवळं. प्रजाती तीच, ब्युटिया मोनोस्पर्मा. पानं, शेंगा सेम टू सेम. फरक फक्त फुलातल्या रंगद्रव्याचा.

आमच्या ड्रायव्हरकाकांनी असा पिवळा पळस दाखवला, तेव्हा त्याची साल कुणीतरी ओरबाडून नेली होती. पिवळ्या पळसाने घरात पैसा येतो, अशी समजूत! एवढ्या केशरी गर्दीतलं हे वेगळेपणच बिचाऱ्याच्या मुळावर आलेलं.

‘‘फोटो काढा मॅडम, पन जागा कोनाले सांगू नका,’’ काका म्हणाले.

फोटो मोबाइलमध्ये आहे. लोकेशन मात्र विचारू नका. तिकीट काढा आणि स्वतःच शोधा!